पूर्वज्ञानाचा रकाना

प्रिय मुक्ता,

तुला आंतरवासितेसाठी मेळघाटातल्या धारणी तालुक्यातली शाळा मिळाल्याचं वहिनीने कळवलं. 'तिकडची मुलं कच्ची असतात' असं तुला कुणी सांगितलं म्हणे. डी.एल.एड.च्या पुस्तकात हे वाक्य कुठेच नसतं, पण तेच सगळ्यांचं पाठ असतं.

पाठ टाचणात 'पूर्वज्ञान' असा रकाना असतो ना? बहुतेक जण तो डोळे मिटून भरतात. तू मात्र तिथेच थांब. तुझ्यापुढची पोरं घरी कोरकू बोलतात. ती मराठीची बोली नव्हे. संथाळी, मुंडारीच्या कुळातली स्वतंत्र भाषा आहे. तिथे नामांची विभागणी सजीव-निर्जीव अशी. क्रियापदाला पुल्लिंग-स्त्रीलिंगाची कटकट नाही. त्यामुळे पहिलीतली पोरगी 'आई आला' म्हणाली, तर ती आपल्या व्याकरणाने नीटच चालली आहे. शिवाय आपण संस्कृतच्या पेपरासाठी घाम गाळून शिकलो ते द्विवचन तिच्या तोंडी जन्मापासून आहे. आणि 'आपण' व 'आम्ही' यांतला फरक? हिंदीभाषक मूल तिथे अडखळतं. कोरकूत तो फरक आहे, त्यामुळे तिला तो पटकन कळेल. सुरुवात तिथून कर.

शिक्षण हक्क कायदा, 2009 सांगतो की शिकवण्याचं माध्यम शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावी. त्या 'शक्य तोवर'मध्ये सगळा मेळघाट मावतो!

हजेरीचंही तसंच. होळीला आणि मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत वर्ग ओस पडेल. लगेच 'पालक उदासीन' असा शेरा मारू नकोस. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांना दटावून वर्गात आणलं नाही. कुरणशाळा काढून शाळाच गुरांमागे नेली. हे तू परीक्षेत पाच गुणांची टीप म्हणून लिहिलं असशील. आता मोहाचा हिशेब गणिताच्या तासाला घेऊन बघ: किती टोपल्या वेचल्या, वाळल्यावर वजन किती उरलं, काय भाव मिळाला. त्या विषयात ती पोरं तुझ्यापेक्षा पुढे असतील, आणि ते त्यांना कळू दे.

तिथे जाशील तेव्हा पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंशी आधी ओळख कर, मुख्याध्यापकांशी नंतर केलीस तरी चालेल. गावातल्याच असतील, तर दोन्ही भाषा त्यांना येत असतील. तहान, लघवी, पोटदुखी, भीती यांचे कोरकू शब्द पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून लिहून घे.

तुझी,
आत्या