उताराची गोष्ट

चढाचं मला तितकंसं भय वाटलं नाही. २०१९च्या जूनमध्ये डेन्व्हरहून आय-७० रस्त्याने पश्चिमेला निघालो होतो. लेकाच्या पिकअपला मागे कॅम्पर ट्रेलर जोडलेला, म्हणजे चाकांवरची एक खोलीच म्हणा ना! वर हवा विरळ, इंजिन दमतं. मालट्रकांच्या रांगेत रखडत अकरा हजार फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्यापाशी पोचलो. वेळ लागला, इतकंच.

खरी परीक्षा पलीकडे. सिल्व्हरथॉर्नपर्यंत कित्येक मैल सुमारे सात टक्के उतार, म्हणजे शंभर फूट पुढे गेलं की सात फूट खाली. आतापर्यंत ओढावं लागणारं ओझं आता मागून ढकलायला लागतं. बोगदा संपता संपता लेकाने खालचा गिअर टाकला आणि इंजिन ओरडायला लागलं.

"काही बिघडलं का रे?"

"नाही आई, इंजिनच गाडी धरून ठेवतंय."

ब्रेक तो मधूनच नीट दाबायचा आणि सोडून द्यायचा. सतत पाय ठेवला तर ब्रेक तापतात आणि ऐनवेळी धरत नाहीत. ट्रेलर डोलायला लागला तर फक्त त्याचेच ब्रेक लावायची कळही हाताशी होती. आपले एसटीचे ड्रायव्हर तरी काय वेगळं सांगतात? ज्या गिअरवर घाट चढायचा, त्याच गिअरवर उतरायचा.

कडेला ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी खडीची, चढावर नेलेली वाट दिसली. कसारा घाटातल्या रेल्वेच्या कॅच सायडिंगची सख्खी बहीणच! मागच्या सीटवर दोन्ही नातवंडं गाढ झोपलेली. त्या वाटेकडे मी पुन्हा पाहिलं नाही.

खाली पोचल्यावर लेकाने प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन धग पाहिली. मगच चहाचा थर्मास उघडला.