उचलून धरणे

इंग्रजीतील एका क्रियापदाची ओळख मला फार महागात पडली. तो शब्द म्हणजे ‘अपहोल्ड’. आज तो कुठेही वाचला की अर्थाच्या आधी मला आमच्या इंदूरच्या घरातील पत्र्याची पेटी आणि तिच्यावर ठेवलेला तपकिरी लिफाफा आठवतो.

ही १९७८ सालची गोष्ट. मी तेव्हा मराठी शाळेत नववीत शिकत होते. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, एका कारखान्याच्या कोठारावर कामाला होते. वार्षिक मोजणीत सुताचे काही गठ्ठे कमी भरले आणि त्याचा ठपका दादांवर आला. चौकशी होऊन त्यांना कामावरून कमी करण्याचा आदेश निघाला. त्यांनी वरिष्ठांकडे अपील केले. दोन महिन्यांनी त्याचे उत्तर आले, ते इंग्रजीत. दादांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे; आईला अक्षरओळखही नव्हती. घरात इंग्रजी वाचू शकणारी मी एकटीच. साहजिकच लिफाफा माझ्या हाती देण्यात आला.

पत्रात दोन परिच्छेद होते. पहिल्याच्या शेवटी लिहिले होते, की कामावरून कमी करण्याचा आदेश ‘अपहेल्ड’ करण्यात येत आहे. हा शब्द मी कधी पाहिला नव्हता. मात्र आमच्या इंग्रजीच्या पुस्तकातील एका धड्यात पुरामुळे आगगाडी वाटेत ‘हेल्ड अप’ झाली होती आणि बाईंनी त्याचा अर्थ ‘खोळंबली’ असा सांगितला होता. तेच दोन शब्द, फक्त मागेपुढे झालेले! गाडी खोळंबली, तसा आदेशही खोळंबला असणार. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, “दादा, त्यांनी आदेश थांबवला आहे.” दुसरा परिच्छेद वाचण्याची मला गरजच वाटली नाही.

आईने देवापुढे दिवा लावला. दादांनी पावशेर पेढे आणले. मग आम्ही कामावर परत बोलावण्याची वाट पाहू लागलो. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. शेवटी दादा स्वतःच कारखान्यावर गेले, तर पहारेकऱ्याने त्यांना फाटकाच्या आत पाऊल टाकू दिले नाही. त्याच संध्याकाळी पत्र घेऊन ते शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या एका निवृत्त गुरुजींकडे गेले. मीही त्यांच्याबरोबर होते.

गुरुजींनी पत्र दोनदा वाचले आणि चष्मा काढून ठेवला. “आदेश थांबवलेला नाही,” ते म्हणाले, “कायम केला आहे. आणि खाली लिहिले आहे, की यावर दाद मागायची असेल तर पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत संचालक मंडळाकडे अर्ज करावा.” दादांनी बोटांवर दिवस मोजले. सहा दिवस उरले होते.

मला रडू कोसळले. दादांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “रडू नकोस पोरी. घरात कागद वाचणारं माणूस तूच. उद्या दुसरा कागद आला तर तोही तुलाच वाचायचाय.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते शब्द मला अधिक लागले.

गुरुजींनी मात्र त्या चुकीचाही धडा केला. “हे बघ, ‘होल्ड’ म्हणजे धरणे. मराठीत तरी वेगळे काय आहे? एखाद्याची वाट अडवून धरली तर तो थांबतो. एखाद्याची मागणी उचलून धरली तर ती पडत नाही, तिला बळ मिळते. क्रियापद एकच, पण त्याच्या सोबतीला कोण आले आहे, त्यावर अर्थ फिरतो. इंग्रजीत ‘अप’ मागे आला तर अडवून धरणे होते आणि पुढे आला तर उचलून धरणे.”

त्या रात्री गुरुजींनी दादांना एकेक दिवस आठवायला लावला. बोलता बोलता निघाले, की गठ्ठ्यांची ज्या आठवड्यात गफलत झाली त्यात दादा चार दिवस रजेवर होते आणि कोठाराच्या किल्ल्या दुसऱ्याच्या ताब्यात होत्या. किल्ल्या दिल्या-घेतल्याची नोंद वहीत होती. “मग हे चौकशीत का नाही सांगितले?” गुरुजींनी विचारले. दादा खाली पाहत म्हणाले, “कुणी विचारलं नाही, गुरुजी.” आपली बाजू लावून धरावी लागते, ती आपोआप उभी राहत नाही, हे त्यांना आणि मला त्या रात्री एकदमच कळले. अर्ज रजिस्टर टपालाने गेला आणि मुदतीच्या आत पोहोचला.

चार महिन्यांनी पुन्हा एक लिफाफा आला. मी थरथरत्या हाताने तो उघडला आणि माझी नजर नेमकी त्याच शब्दावर पडली: ‘अपहेल्ड’. सारे संपले असे वाटून मी धावतच गुरुजींकडे गेले. पत्र वाचून ते हसले. “अगं, क्रियापद पाहून घाबरलीस, पण त्याचे कर्म पाहिलेस का? मागच्या वेळी आदेश उचलून धरला होता. या वेळी अपील उचलून धरले आहे. तुझे दादा जिंकले.” दादा कामावर परत गेले. मधल्या महिन्यांचा पगार मात्र त्यांना मिळाला नाही.

त्यानंतर हा शब्द मला अनेक ठिकाणी भेटला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश शपथ घेताना संविधान आणि कायदे ‘अपहोल्ड’ करण्याची ग्वाही देतात. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने लोकप्रतिनिधींच्या शपथेत देशाचे सार्वभौमत्व आणि अखंडता ‘अपहोल्ड’ करण्याचे वचन घातले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली, त्यांतही हे क्रियापद आहे. म्हणजे उचलून धरण्याचे काम केवळ न्यायाधीशांचे आणि मंत्र्यांचे नाही, ते तुमचे-माझेही आहे. राष्ट्रपतींच्या शपथेत मात्र वेगळी क्रियापदे आहेत. त्यांतले एक ‘डिफेंड’. हल्ला होतो तेव्हा ‘डिफेंड’ करावे लागते. ‘अपहोल्ड’ करायला शत्रू समोर असावाच लागतो असे नाही. जे आपल्या भाराने किंवा आपल्या दुर्लक्षाने खाली येऊ शकते, त्याला रोज आधार देत राहणे म्हणजे ‘अपहोल्ड’ करणे. त्याचा जवळचा नातलग ‘मेंटेन’ हा शब्द लॅटिनमधील ‘हात’ आणि ‘धरणे’ या दोन शब्दांपासून बनला आहे. खुर्च्या-सोफ्यांना गाद्या बसवणाऱ्या दुकानांच्या पाट्यांवर दिसणारा ‘अपहोल्स्टरी’ हा शब्दही ‘अपहोल्ड’च्याच घरातला. मोडकळीस आलेले सामान दुरुस्त करून टिकवणारा, तो जुन्या इंग्रजीतला ‘अपहोल्डर’.

आपल्याकडे ‘धृ’ या धातूची संततीही अशीच मोठी आहे. आधार, धरणी, धृती आणि धर्म हे सारे शब्द त्याच्यापासून झाले. गोवर्धन उचलून धरणाऱ्या कृष्णाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्या गोष्टीत गोपाळांनीही आपापल्या काठ्या खाली लावल्या होत्या. वचन पाळणे, मान राखणे, परंपरा जपणे, निकाल कायम ठेवणे, बाजू लावून धरणे अशा निरनिराळ्या जागी मराठी निरनिराळी क्रियापदे योजते. इंग्रजी या साऱ्या ठिकाणी एकच शब्द वापरू शकते, म्हणून तो शब्द वाचताना आपल्याला अधिक सावध राहावे लागते.

दादांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. ती दोन्ही पत्रे त्यांनी एकाच लिफाफ्यात जपून ठेवली होती. कामावर परत गेल्यावर त्या वर्षी ते पहाटे उठून माझ्या जुन्या पुस्तकांतून इंग्रजी अक्षरे गिरवू लागले. तेव्हा त्यांचे वय सेहेचाळीस होते. आजही कोणताही कागद हाती आला की मी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. आणि क्रियापदापाशी थांबून, त्याचे कर्म कोणते ते आधी पाहते.