सहाव्या ओव्हरचा बॉलर

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत रविवारी सकाळी मी जे काम करतो, त्याला नेमकं नाव नाही. आठवडाभर रांजणगाव एमआयडीसीत शिफ्ट. सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या दोन-तीन कोचेसच्या नेट्सवर जाऊन चौदा ते अठरा वयाचे फास्ट बॉलर बघायचे, वहीत लिहायचं आणि वर्षाच्या शेवटी पुण्यातल्या एका क्लबला नावं सुचवायची. दोन नावं, फार तर तीन. त्यातला एखादा पुढे इन्व्हिटेशन मॅचेस खेळतो, एखाद्याला सिलेक्शन ट्रायलचा फोन येतो. मला याचे पैसे मिळत नाहीत. पेट्रोलचे मिळतात, तेही आठवण करून दिल्यावर. शिरूर-न्हावरा-चौफुला रस्त्यावर हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे अडकून जे पेट्रोल जळतं, त्याचा हिशेब कुणी धरत नाही.

लोकांना वाटतं, यात काय अवघड आहे? जोरात टाकतो तो फास्ट बॉलर. उभं राहा, बघा, नाव लिहा.

पण पंधरा वर्षांच्या मुलाचा वेग म्हणजे बऱ्याचदा त्याच्या वाढीचा वेग असतो. एकाच नेटमध्ये, एकाच इयत्तेतली दोन मुलं असतात. एकाला दाढी आलेली असते, दुसऱ्याचा अजून आवाज फुटायचा असतो. बीसीसीआय सोळा वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघते, ते वयचोरी पकडायला. त्याच तपासणीतून आणखी एक गोष्ट कळते, ती फारसं कुणी बोलून दाखवत नाही: जन्मदाखला अगदी खरा असलेल्या दोन प्रामाणिक मुलांच्या हाडांतसुद्धा वर्ष-दोन वर्षांचं अंतर असू शकतं. म्हणजे आज ज्याला आपण ‘टॅलेंट’ म्हणतोय, तो कदाचित फक्त लवकर मोठा झालेला मुलगा आहे. आणि जो मागे पडलाय, तो कदाचित उशिरा वाढणारा. हे ‘कदाचित’ ओळखायचं, एवढंच माझं काम.

यासाठी मला सगळ्यात जास्त मदत झाली ती बेसबॉलची. हसू नका. नाईट शिफ्टनंतर झोप येत नव्हती म्हणून एकदा मोबाईलवर ‘मिलियन डॉलर आर्म’ बघितला. २०१४ सालचा सिनेमा, गोष्ट खरी. २००८ मध्ये भारतात ‘कोण किती जोरात आणि नेमकं फेकतो’ अशी स्पर्धा झाली. त्यातून उत्तर प्रदेशातली दोन भालाफेक करणारी मुलं पुढे आली: रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. बेसबॉल कशाशी खातात हे दोघांनाही माहीत नव्हतं. रिंकूचा चेंडू ताशी १४० किलोमीटरच्या आसपास जात होता. दोघांना अमेरिकेत नेलं, काही महिने शिकवलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी पिट्सबर्ग पायरेट्सनी करारबद्ध केलं. सिनेमा साधारण तिथे संपतो. मला त्याच्या पुढचं वाचावंसं वाटलं.

पुढचं असं की दिनेशला २०१० मध्ये सोडून दिलं. रिंकू पायरी-पायरीने चढत सिंगल-ए पातळीपर्यंत गेला, मग कोपर गेलं, ऑपरेशन झालं आणि मेजर लीगचं मैदान काही दिसलं नाही. नंतर तो कुस्तीच्या शोमध्ये वीर महान नावाने दिसला. हरला, असं मी म्हणणार नाही. मला त्या ‘पायरी-पायरीने’चं अप्रूप वाटलं. तिकडे ३० मोठे संघ आहेत आणि प्रत्येकाच्या हाताखाली वेगवेगळ्या पातळ्यांचे चार संघ, म्हणजे एकूण १२०. त्याखाली अगदी नवख्यांच्या लीग वेगळ्याच. अठरा-एकोणीस वर्षांचा पिचर तिथे चार-पाच वर्षं नुसता वाढू शकतो. तो हरतो, दुखावतो, पुन्हा येतो. त्याच्यासाठी थांबायला जागा आहे.

आणि त्याला बघणारे स्काउट एक फार शहाणी गोष्ट करतात. ते २० ते ८० या मापावर गुण देतात, ५० म्हणजे मेजर लीगमधला सर्वसाधारण खेळाडू. पण प्रत्येक गुणासाठी आकडे दोन: एक आजचा, एक पुढचा. म्हणजे एखाद्या पोराचा वेग आज ४०, पुढे ६०. मी दुसऱ्या दिवशी वहीत उभी रेघ मारली. डावीकडे ‘आज’, उजवीकडे ‘उद्या’. तोवर माझ्या वहीत ‘चांगला’, ‘बरा’, ‘खूप जोरात’ असली शेरेबाजी असायची. दोन रकाने केल्यावर कळलं की डावा रकाना कुणीही भरू शकतो. कट्ट्यावर बसलेला चहावालाही भरतो, आणि बऱ्याचदा बरोबर भरतो.

आता आपल्याकडची शिडी. पुण्यात क्लब आहेत, एमसीएच्या मॅचेस आहेत, गहुंजेचं स्टेडियम आहे, २०२३ पासून महाराष्ट्र प्रीमियर लीग आहे. हे सगळं खरं आहे आणि चांगलं आहे. पण पाटस किंवा न्हावऱ्याच्या मुलासाठी या सगळ्याच्या आधी एक गोष्ट येते: गावातला चषक. टेनिस बॉल, सहा किंवा आठ ओव्हरची मॅच, यूट्यूबवर लाइव्ह, कॉमेंट्री करणारा एकजण श्वास न घेता बोलतोय, आणि बक्षीस म्हणून रोख रक्कम, वर ‘मॅन ऑफ द सिरीज’ला कूलर नाहीतर सायकल. आपली मायनर लीग हीच. फक्त इथे कुणी कुणाची वाट बघत नाही आणि कुणी बॉल मोजत नाही.

मी टेनिस बॉलला नावं ठेवणाऱ्यांपैकी नाही. यॉर्कर पोरं तिथेच शिकतात. शेवटच्या ओव्हरला सहा रन वाचवायचे असताना, पाचशे माणसं ओरडत असताना शांत राहणं, हे कुठल्या अ‍ॅकॅडमीच्या फीमध्ये मिळत नाही. पण साधा टेनिस बॉल ५८ ग्रॅमच्या आसपास, सीझन बॉल १६० च्या आसपास. हलक्या बॉलवर खांद्याला झटका देऊन टाकायची सवय लागते आणि सीझन हातात आला की तीच अ‍ॅक्शन डगमगते. दुसरं म्हणजे, बॉल हलका असला तरी पुढचा पाय जमिनीवर तेवढ्याच जोरात आपटतो. फास्ट बॉलरच्या त्या पायावर शरीराच्या वजनाच्या पाचपट, कधी त्याहूनही जास्त जोर येतो. फायनलच्या दिवशी चार-पाच मॅच, प्रत्येकीत दोन ओव्हर, प्रत्येक बॉल जीव तोडून. इंग्लंडच्या बोर्डाने तेरा वर्षांखालच्या मुलासाठी एका स्पेलमध्ये पाच आणि दिवसात दहा ओव्हर अशी मर्यादा घालून दिली होती. अमेरिकेत तेरा ते सोळा वयाच्या पिचरसाठी दिवसाला ९५ पिच, आणि त्यानंतर सक्तीची विश्रांती. आपल्याकडे मर्यादा एकच: फ्लडलाइटचा जनरेटर बंद पडेपर्यंत.

गेल्या वर्षी शेवटच्या नावासाठी माझ्या वहीत दोन मुलं होती. दोघंही पंधरा वर्षांचे.

एक केडगावकडचा. उंच, लांब हात, रनअप बघूनच बॅट्समन अर्धं पाऊल मागे सरकायचा. मॅटवर तर त्याचा बॉल छातीपर्यंत यायचा. (मॅटवरच्या उसळीला मी आता फार भुलत नाही; मॅट उंच मुलाला फुकट मार्क देते.) दुसरा शिरूरच्या बाजूचा, वस्तीवरचा, लहान चणीचा. त्याच्या बॉलिंगमध्ये बघण्यासारखं काहीच नव्हतं, फक्त एक सोडून: सहावी ओव्हर पहिल्या ओव्हरसारखी दिसायची.

मी मुद्दाम सहा ओव्हर टाकायला लावतो. ट्रायलला बहुतेक ठिकाणी सहा नाहीतर बारा बॉल मिळतात, तेवढ्यात कुणीही वाघ असतो. सहाव्या ओव्हरला मांड्या भरून येतात आणि शरीर पळवाटा शोधायला लागतं. डोकं बाजूला पडतं, पुढचा गुडघा मोडतो, खांदे एका दिशेला आणि कंबर दुसऱ्या दिशेला जाते. हे मी मोबाईलच्या स्लो-मोशनमध्ये बघतो. त्यातूनच वेगही काढतो: सेकंदाला २४० फ्रेम, बॉल सुटल्यापासून समोरच्या क्रीजपर्यंत साधारण १७.७ मीटर. १२७ फ्रेम लागल्या तर ताशी १२० च्या आसपास. हा वेग वाटेतला सरासरी असतो, टीव्हीवर दाखवतात तो हातातून सुटतानाचा. त्यामुळे माझा आकडा नेहमी कमी येतो आणि मुलांच्या वडिलांना तो आवडत नाही.

केडगावच्या मुलाची सहावी ओव्हर मी तीनदा बघितली. वेग फार उतरला नव्हता. पण खांदे आणि कंबर यांची ओढाताण स्पष्ट दिसत होती. शेवटचा बॉल टाकून वळताना त्याने डावा हात कमरेवर, मागच्या बाजूला ठेवला. एक क्षणच.

उजव्या हाताच्या फास्ट बॉलरचं कमरेतलं हाड बहुतेक वेळा डाव्या बाजूला चिरतं. पडल्यामुळे नाही, एका बॉलमुळेही नाही. तीच तार रोज वाकवली की एक दिवस तुटते, तसं. कमरेचा मणका विशी ओलांडेपर्यंत पक्का होत असतो, म्हणून हे दुखणं पोरवयात जास्त. बुमराला २०१९ मध्ये कमरेत स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, २०२२ मध्ये पाठीने पुन्हा बाहेर बसवलं आणि २०२३ च्या मार्चमध्ये न्यूझीलंडला ऑपरेशन करावं लागलं. आणि त्याच्यामागे अख्खं बोर्ड उभं होतं.

मी मुलाला एका पायावर उभं राहून मागे वाकायला सांगितलं. उजव्या पायावर वाकला. डाव्यावर वाकताना दात आवळले.

“दुखतं का रे?”

“नाही सर. झोपताना थोडं.”

त्याचे वडील दुधाची गाडी चालवतात. त्या दिवशी गाडी बाजूला लावून नेटच्या मागे उभे होते. मी त्यांना म्हटलं, “भाऊ, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआय सांगतील कदाचित. आणि तोवर बॉलिंग बंद. टेनिससुद्धा.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सर, पुढच्या महिन्यात तीन चषक आहेत. गावात याच्यासमोर कुणी बॅट धरत नाही. नाव द्यायचं नसेल तर नका देऊ, पण पोराला आजारी कशाला पाडताय?”

मला राग आला नाही. त्यांच्या जागेवरून ते बरोबर होतं. तीन चषकांत मुलगा जे मिळवणार होता, ते नक्की होतं. एमआरआयचा खर्चही नक्की होता. माझा ‘उद्या’चा रकाना मात्र नुसतं पेन्सिलीचं काम.

या रकान्यावर विश्वास का ठेवायचा, तर त्यासाठी माझ्याकडे एकच जवळचं उदाहरण आहे. दौंडहून मनमाडकडे जाणारी गाडी पकडा. नगर ओलांडलं की पुढे बेलापूर नावाचं स्टेशन लागतं. स्टेशन बेलापूर, गाव श्रीरामपूर, झहीर खानचं. तो सतराव्या वर्षी मुंबईला गेला, क्लब क्रिकेट खेळला, तिथून चेन्नईला एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये, तिथून बडोद्याकडून रणजी. बाविसाव्या वर्षी, नोव्हेंबर २००० मध्ये, पहिली कसोटी. पाच वर्षं आणि तीन शहरं, ही त्याची मायनर लीग. ती त्याला स्वतःच जुळवावी लागली. आपल्याच रेल्वेलाइनवरचा हा मुलगा महाराष्ट्राच्या संघाकडून कधी खेळलाच नाही. आणि खरा झहीर तर त्याहूनही उशिरा दिसला. २००६ मध्ये भारतीय संघाबाहेर असताना तो वूस्टरशायरकडून काउंटी खेळला, रनअप छोटा केला, आणि २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये २१ विकेट. सतराव्या वर्षी त्याला बघून हे कुणी लिहिलं असतं? मी तर नसतं लिहिलं.

म्हणून पोरगं खेळात टिकून राहणं महत्त्वाचं, आणि आमच्या भागात तिथेच सगळं सुटतं. दौंडला राज्य राखीव पोलिस दलाचे दोन गट आहेत. पहाटे भरतीची तयारी करणारी पोरं पळत असतात, त्यात मला दर वर्षी जुने बॉलर दिसतात. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. रनअप तोच, फक्त शेवटी हातात बॉलऐवजी सव्वासात किलोचा गोळा. अठराव्या वर्षी घरचे विचारतात, किती दिवस खेळणार? त्याला माझ्याकडे उत्तर नसतं. वर्दीचं उत्तर तयार असतं आणि ते चांगलंही असतं.

मी शिरूरच्या मुलाचं नाव पाठवलं. ‘आज’ ३५, ‘उद्या’ ५०. क्लबकडून फोन आला की इतका हळू मुलगा का पाठवलाय. म्हटलं, त्याच्या पायाचा नंबर बघा, नऊ आहे, आणि उंची अजून साडेपाच फूटसुद्धा नाही. आणि सहा ओव्हर टाकायला लावा. ठेवून घेतलाय त्यांनी. अजून हळूच आहे.

केडगावचा मुलगा पहिला चषक खेळला. दुसऱ्याच्या सेमीफायनलला रनअपमध्येच थांबला. मग एमआरआय झाला, डाव्या बाजूला चीर निघाली, डॉक्टरांनी बॉलिंग पूर्ण थांबवली. वडिलांचा फोन आला तेव्हा ते जुनं काही बोलले नाहीत. मीही नाही बोललो. त्यांनी एवढंच विचारलं की पोहलं तर चालेल का. म्हटलं, डॉक्टरांना विचारा, पण विहिरीत उडी मारणं नको.

पाच महिने झालेत. या काळात तो दोन इंच वाढलाय. वहीत त्याचा ‘आज’चा रकाना मी रिकामा ठेवलाय. पुढच्या आठवड्यापासून अर्ध्या रनअपवर, एक दिवसाआड, बारा बॉल टाकायची परवानगी मिळाली आहे. बारा म्हणजे बारा, नो-बॉल धरून. वडील म्हणाले, मी मोजतो, दुधाचे कॅन मोजतोच की रोज.