मोठे काकाही अडखळतात

सध्या पोस्टिंग दुर्गला, एनसीसी बटालियनमध्ये. बर्फ नाही, बंकर नाही. कॅडेट, कॅम्प आणि फायली. जमेची बाजू एकच. दादा जामुलला, सिमेंट कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहतो. रविवारी आमचा मुक्काम तिकडेच.

दादा लहानपणापासून अडखळत बोलतो. आमच्या घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. आई वेखंड उगाळून चाटवायची, पण कशासाठी ते सांगायची नाही. मी खडकवासल्याला निघालो तेव्हा स्टेशनवर त्याला काहीतरी म्हणायचं होतं. शब्द अडकला आणि मी सिग्नलकडे पाहत राहिलो. नजर वळवणं म्हणजे माया, असंच आम्ही शिकलो होतो.

यंदा माझा साडेचार वर्षांचा मुलगा अडखळू लागला, तेव्हा मीही तेच केलं. त्याचं वाक्य पटकन पुरं करायचं आणि विषय बदलायचा. बायकोला म्हणालो, "बोलू नकोस, त्याच्या लक्षात येईल."

हा समज नुसता आपल्याकडचा नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातले वेंडेल जॉन्सन स्वतः अडखळत. आईबापांनी पोराला 'तोतरा' ठरवल्यामुळेच तोतरेपणा जडतो, असं त्यांनी १९४० च्या दशकात मांडलं. ते मत पुढे टिकलं नाही. कारणं मेंदूच्या घडणीत आणि अनुवंशात सापडतात. बहुतेक मुलांचं अडखळणं काही वर्षांत जातं, काहींचं राहतं. आमच्या स्पीच थेरपिस्टबाई तर स्पष्टच म्हणाल्या, "त्याला कधीच कळलंय. बोलत नाही ते तुम्हीच."

गेल्या रविवारी जेवताना चिरंजीव "म-म-म" वर अडकले आणि पाय आपटून रडू लागले. मी ताटात पाहिलं. दादाने घास खाली ठेवला.

"शब्द अडकला ना? माझापण अ-अ-अडकतो. बघ, आत्ताच अडकला."

रडणं थांबलं. "दुखतं का तुम्हाला?"

"नाही. पण लोक माझा शब्द स्वतःच बोलून टाकतात ना, त्याचा र-राग येतो."

"पप्पा पण तसंच करतात."

वहिनी हसल्या. मला भात गिळवेना.

निघताना दादाला विचारलं, "तेव्हा स्टेशनवर काय सांगायचं होतं?" तो "प-प" वर बराच वेळ थांबला. या खेपेस मी त्याच्याकडेच पाहत होतो.

"पत्र टाक," दादा म्हणाला.