आवाज फाटायला हवा

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. अण्णांचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे त्यांनी मिरजेत एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली उभे राहून मिळवले. आता रेडिओ फारसे येत नाहीत. मिक्सर, पंखे, गणपतीच्या दिवसांत एखाद्या मंडळाचा ॲम्प्लिफायर, यांवर दुकान चालते. अशा दुकानात आमच्या वर्गातला गिटारवाला आपला मुका झालेला डबा घेऊन आला, त्याची ही हकीकत.

'डबा' हा शब्द अण्णांचा. त्याचे खरे नाव फझ पेडल. गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये तो जोडायचा आणि पायाने खटका दाबायचा, की गिटारचा गोड आवाज एकदम घोगरा, खरखरीत होतो. लंडनमध्ये १९६६ साली निघालेल्या 'फझ फेस' या पेडलची ही घरगुती नक्कल. मित्राच्या थोरल्या भावाने नोकरीसाठी परगावी जाण्यापूर्वी ती स्वतःच्या हाताने बनवली होती. आत भाग तरी किती? दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि फिरवायच्या दोन कळा. बॅटरीची तुटलेली तार जोडून घ्यायला मित्र एका दुकानात गेला, तर तिथल्या माणसाने भांड्याला डाख द्यावा तशा थाटात भलेमोठे सोल्डरिंग आयर्न त्यात फिरवले. स्नेहसंमेलन सहा दिवसांवर आलेले, आणि भावाला कळवायची मित्राची छाती नाही!

अण्णांनी डबा लगेच उघडला नाही. आधी विचारले, "खटका न दाबता आवाज येतोय?" येत होता. "म्हंजे भाईरच्या तारा ठीक हायत. आता आत जाऊ." तर्कशास्त्राच्या तासाला सर वगळण्याची पद्धत शिकवतात तेव्हा फळा भरतो, इथे एका प्रश्नात निम्मा डबा वगळला गेला. (सरांनी राग मानू नये.)

बॅटरी नऊ व्होल्ट दाखवत होती, पण आत शून्य. मित्राने आणलेल्या नकाशावरचे इंग्रजी मी वाचत होते. त्यात लिहिले होते की गिटारची पिन खोबणीत घातल्याशिवाय बॅटरी जोडलीच जात नाही. पिन घातली आणि मीटरचा काटा हलला. अण्णांना इंग्रजी येत नाही, परंतु नकाशातल्या रेघा ते माझ्यापेक्षा कितीतरी भरभर वाचतात. त्यांनी बोट थेट दुसऱ्या ट्रान्झिस्टरवर ठेवले. त्याच्या कलेक्टरवर बॅटरीच्या निम्मा, म्हणजे साडेचार व्होल्टच्या आसपास दाब असावा लागतो. काटा जवळजवळ नऊवर होता.

"ह्यो झोपलाय," अण्णा म्हणाले.

भिंगातून पाहिले तेव्हा त्याच्या एका पायाखालची तांब्याची पट्टी उष्णतेने सुटून केसाएवढी तडकलेली दिसली. अण्णांनी वरून बारीक तार जोडली. मित्राचा चेहरा उजळला, पण काटा आता दुसऱ्या टोकाला गेला. जेमतेम एक व्होल्ट! पट्टीबरोबर ट्रान्झिस्टरही भाजला होता. अडवायची ती वीजही तो गळू देत होता.

हा ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा, एसी १२८. नंतर आलेले सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर बरीच उष्णता सोसतात. जर्मेनियमची जात नाजूक. मित्र रडकुंडीला आला, कारण गिटारवाले हे नग शोधत फिरतात. अण्णांना मात्र त्यात काही नवल वाटले नाही. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत स्पीकरला जोर देण्याचे काम हाच एसी १२८ करी. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आईने दिवाळीपासून भंगारवाल्यासाठी काढून ठेवला होता. तो पालथा घातला तर सात निघाले.

या जातीचे दोन नग सारखे नसतात. म्हणून अण्णांनी एकेक नुसता चिमट्यांनी लावून पाहिला. तिसऱ्याला काटा साडेचारच्या किंचित अलीकडे थांबला. मग त्यांनी मला एक गंमत दाखवली. ट्रान्झिस्टर दोन बोटांत धरला, तर बोटांच्या उबेनेच काटा सरकू लागला. फुंकर घातल्यावर हळूहळू परत आला. एवढ्या हळव्या जिनसेला त्या माणसाने चटका दिला होता! अण्णांनी त्याचा प्रत्येक पाय वरून पक्कडीत धरला, म्हणजे उष्णता पक्कडीत जाते, आणि क्षणभर टोक टेकवून काढून घेतले.

मंडळाचा ॲम्प्लिफायर दुकानात होताच. मित्राने खटका दाबून तार छेडली. दुकान दणाणले. मित्र नाचायचाच काय तो बाकी होता, आणि अण्णा खाली मान घालून पुन्हा पक्कड शोधू लागले.

"थांब पोरा. अजून फाटतोय आवाज."

"काका, तो फाटायलाच पाहिजे!"

तीस वर्षे ज्या माणसाने लोकांच्या रेडिओतला फाटका आवाज नीट करून पोट भरले, त्याला हे कसे पटावे? मग वाचून ठेवलेली माहिती मी सांगितली. मार्टी रॉबिन्स या अमेरिकन गायकाचे 'डोन्ट वरी' हे गाणे १९६१ साली आले. ते ध्वनिमुद्रित करताना एक यंत्र बिघडले आणि ग्रेडी मार्टिनच्या वादनाचा आवाज फाटून उतरला. तो तसाच ठेवला, लोकांना आवडला, आणि १९६२ साली मुद्दाम तसा आवाज काढणारा 'मेस्ट्रो फझ-टोन' बाजारात आला.

अण्णांनी मित्राला पुन्हा वाजवायला सांगितले. या वेळी डोळे मिटून ऐकले. आमचे गाव सतारी-तंबोऱ्यांचे. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून कारागीर तंबोऱ्याला झणकार आणतात, ते अण्णा लहानपणापासून पाहत आलेले.

"म्हंजे जवारीच की," ते म्हणाले.

मित्राने पैसे विचारले. अण्णांनी मजुरी सांगितली. ट्रान्झिस्टरचे काय घ्यावे हे त्यांना ठरवता येईना. तो गेल्यावर त्यांनी उरलेले सहा एसी १२८ कापसात गुंडाळले आणि गल्ल्यात, नोटांच्या खाली ठेवले.