उंबऱ्यावरची तिजोरी

वडिलोपार्जित घर चुलतबंधूंच्या वाट्याला गेले आणि तिजोरी आमच्या. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून गोव्यात चालत आलेल्या वाटणीच्या पद्धतीत वारसांना आपसांत बोली लावता येते. घरावर आमची बोली तोकडी पडली. मालमत्तेची यादी मात्र आम्हीच केली होती. तीत लिहिले होते : ‘लोखंडी तिजोरी, नग १, रिकामी.’ किल्ली सापडत नव्हती. मग रिकामी कशावरून, हे वकिलाला कोणी विचारले नाही.

फोंडा तालुक्यातले हे घर. चिऱ्याच्या जाड भिंती, मधोमध राजांगण, आणि देवघराशेजारी ही तिजोरी. आजोबांनी ती मुंबईहून आगबोटीने पणजीस, तेथून होडीने दुर्भाटच्या बंदरात आणि पुढे बैलगाडीने आणली, असे घरात सांगत. दुहेरी पोलादी पत्रा, मध्ये आगीला दाद न देणारी भुकटी. आठ गडी लागले तरी हालेना. अखेर पहारींनी उचलून खाली लोखंडी नळ्या सारल्या, आणि मागची नळी काढून पुढे घालीत ती बोटाबोटाने सरकू लागली. आम्ही वाटेत येण्याचे काम केले. अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडून १८९७ साली कुलुपे करावयास घेतली. त्या घटकेस त्यांचा निर्णय आम्हांस फार शहाणपणाचा वाटला.

उंबऱ्याशी काकी आडव्या आल्या. ज्या उंबऱ्यावर साठ वर्षे रांगोळी घातली, त्याला लोखंड टेकू द्यायचे नाही. वरून फळ्यांचा उतार करावा, तर फळ्यांना एवढा भार पेलेना. मुकादम म्हणाला, दार बिजागरीतून उतरवले तर वजन पुष्कळ कमी होईल. पण आधी ते उघडले पाहिजे. काकी मुकाट्याने आत गेल्या आणि तांदळाच्या डब्यातून किल्ली घेऊन आल्या. आम्ही थक्क होऊन विचारले, इतके दिवस बोलला का नाहीत?

“तुवें केन्ना विचारलें?”

आत अकरा पुरचुंड्या होत्या, प्रत्येकीला मोडीतली चिठ्ठी. आजोबा दागिने गहाण ठेवून घेत, हे घरात कधी मोठ्याने बोलले जात नसे. देवळाच्या जुन्या वह्या वाचणाऱ्या भटजींना बोलावले. त्यांनी तिसरी चिठ्ठी वाचली, तेव्हा पहार धरलेल्या एका गड्याने मान वर केली. नाव त्याच्या आजीचे होते. आत मोत्यांची नथ, दोन मोती गळालेले.

चुलतबंधूंनी आम्हांस बाजूला घेतले. “मुदत केव्हाच संपली असेल ना?” संपली नव्हती. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे गहाण वस्तू परत मागण्याची तीन वर्षे मोजायची, ती मागणी नाकारल्या दिवसापासून. आजवर कोणी मागितले नव्हते, म्हणून कोणी नाकारलेही नव्हते. शिवाय गहाणाची वस्तू धनकोच्या मालकीची होत नाही. तेव्हा आमच्या यादीत ती नसणे, न पाहता लिहिलेले का होईना, योग्यच ठरले!

गड्याने नथीला हात लावला नाही. मुद्दल किती, एवढेच विचारले. चिठ्ठीवर बारा रुपये होते. ते त्याने काकींच्या हातावर ठेवले आणि मग नथ घेतली. व्याजाचे आम्ही बोललो नाही, तोही बोलला नाही.

दार उतरवून तिजोरी उंबऱ्याला न शिवता बाहेर काढली. ती आता आमच्या फोंड्याच्या कचेरीत आहे. आणखी चार पुरचुंड्या ज्यांच्या त्यांच्या घरी पोचल्या. उरलेल्या सहांवरची नावे देवळाच्या फलकावर लावली आहेत. काकी आमच्याकडे राहावयास आल्या आहेत, तांदळाच्या डब्यासकट.