बाळराजांचा असहकार

जूनमध्ये शाळा उघडणार आणि आमचं बाळ तेव्हा जेमतेम साडेचार महिन्यांचं. नोकरी अर्धवेळ असली तरी रोजचे चार तास जाणं भागच होतं. "त्यात काय, मे महिन्यात लावू बाटलीची सवय," असं मी मोठ्या ऐटीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

पण बाळराजांना ते मंजूर नव्हतं! बाटली ओठांना लागली की मान फिरवायची, जिभेनं ढकलायचं आणि असा टाहो फोडायचा की शेजारच्या वहिनी धावत यायच्या. तीन दिवस हाच प्रकार. चौथ्या दिवशी त्याच्याबरोबर मीही रडले.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, समोर पुरणपोळी असताना डब्यातली पोळी कोण खाईल? तू जरा भाजी घेऊन ये बघू."

मी बाहेर पडले. त्यांनी माझी नेसून सोडलेली साडी खांद्यावर टाकली, बाळ नुकतंच झोपेतून उठलेलं, भुकेनं कासावीस व्हायच्या आधीच त्याला मांडीवर जरा उभट धरलं. आधी ओठांना दुधाचे दोन थेंब, मग बाटली. जबरदस्ती नाही. त्या दिवशी दोन-तीन घोट गेले. मग रोज एकच वेळ, अशी पंधरा दिवसांत गाडी रुळावर आली.

दूध माझंच. हात स्वच्छ धुऊन उकळलेल्या वाटीत काढायचं, लगेच झाकून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि चोवीस तासांत संपवायचं. गॅसवर तापवायचं नाही. गरम पाण्यात भांडं ठेवून कोमट करायचं. उरलेलं टाकून द्यायचं. बाटली ब्रशनं घासून दर वेळी दहा मिनिटं पाण्यात उकळायची.

आमच्या डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, "जमलं तर वाटी-चमचाच बरा. धुवायला सोपा, जंतूंना थारा नाही." बाटल्यांच्या जाहिरातींवर १९९२ च्या कायद्यानं बंदी आली ती काही उगाच नाही! म्हणून बाटलीवरून रुसवा झाला की आम्ही वाटी-चमचाच पुढे करायचो.

शाळेचा पहिला दिवस. तिसऱ्या तासाला छाती दाटून आली. पदर सारखा करत कसाबसा तास संपवला आणि धावत घरी आले. बाळ शांत झोपलेलं, बाटली रिकामी. आनंद व्हायचा तर घशात आवंढाच आला. माझ्यावाचून त्याचं काहीच अडलं नव्हतं!

सासूबाईंनी ओळखलं. म्हणाल्या, "वेडी गं तू! बाटलीनं भूक भागते, आईची गरज नाही भागत."

तेवढ्यात बाळ जागं झालं. माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि माझा पदर मुठीत घट्ट धरला. मैत्रिणींनो, त्या दिवशी हात-पाय धुऊन आधी त्याला जवळ घेतलं. चहा गार झाला तो झालाच!